पालकाची सही

कारकून : …आणि सातवा महिना लागला, तिथेच अडलं, आजी. सहा महिन्यांपर्यंत काही प्रश्नच नव्हता.

काकू : आजी नका म्हणू, मॅडम. तुमच्या आईच्या वयाची असेन फार तर. काकू म्हणा.

कारकून : बरं, काकू. तुम्ही बहिणीकडे परदेशात राहिलात सात महिने बारा दिवस. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की सरकारी पेन्शन थांबते. पत्रात तसं कळवलं होतं.

काकू : मुलाने फोटो काढून पाठवलं ते पत्र. चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणून तर धावत आले. आता सुरू कधी करताय, तेवढं सांगा.

कारकून : आता इथे सलग सहा महिने राहिलात की आपोआप सुरू होईल.

काकू : सहा महिने? मला तीन आठवड्यांत परत जायचंय.

कारकून : मग ती थांबलेलीच राहील.

काकू : अहो, माझी बहीण अंथरुणाला खिळलीये. झटका आला, उजवी बाजू गेली. नवरा वारला, मूलबाळ नाही. आत्ता शेजारीण बघतेय, तीही कशीबशी तीन आठवड्यांना कबूल झाली. मी काय तिकडे हवा खायला गेले होते?

कारकून : मी तसं कुठे म्हटलं?

काकू : तुम्ही नाही, तुमचा नियम म्हणतोय.

कारकून : नियमाला कोण कशाला गेलं ते कळत नाही, काकू. त्याला तारखा कळतात. थांबा जरा… एक सवलत आहे. परदेशात जवळच्या नातेवाइकाची शुश्रूषा करायला गेलात आणि डॉक्टरांचा दाखला असला, तर वर्षभराची मुभा मिळते.

काकू : मग द्या की!

कारकून : जवळचे म्हणजे नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील. बहीण त्यात येत नाही.

काकू : बहीण जवळची नाही? हे लिहिणाऱ्याला कुणी बहीण दिलीच नव्हती वाटतं.

कारकून : मी वाचून दाखवते, म्हणजे तुमची खात्री होईल. ‘पती, पत्नी, अपत्य, आई, वडील, किंवा अर्जदार सज्ञान नसताना जिने पालक म्हणून त्याचा सांभाळ केला ती व्यक्ती.’

काकू : शेवटचं पुन्हा वाचा.

कारकून : ‘…पालक म्हणून त्याचा सांभाळ केला ती व्यक्ती.’

काकू : ही माझी ताईच.

कारकून : म्हणजे?

काकू : बाबा मला आठवतही नाहीत. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. बटणांच्या कारखान्यात उभ्याने काम करायची आणि घरी येऊन माझ्या वेण्या घालायची. बोटांना त्या बटणांचा वास यायचा. शाळेत तिनेच घातलं मला.

कारकून : कोर्टाचा कागद आहे, पालक नेमल्याचा?

काकू : एकोणीस वर्षांच्या पोरीला कोर्ट कुठे आहे ते तरी ठाऊक होतं का?

कारकून : मग त्या काळची एखादी नोंद हवी. शाळेचं रजिस्टर चालेल. तुमचं नाव, पालकाचं नाव आणि सही. शाळेच्या शिक्क्यानिशी नक्कल आणा. तोंडी सांगितलेलं मला पुढे पाठवता येत नाही.

काकू : साठ वर्षांपूर्वीचं रजिस्टर.

कारकून : शाळा आहे का अजून?

काकू : असेल नाहीतर नसेल. शोधते.

*

मुलगा : आई, एवढा व्याप कशाला? तिकडे आजारी पडले, म्हणून विमान चुकलं, असं सांगायचं. डॉक्टरची चिठ्ठी मी आणतो. ज्या इमारतीतली लिफ्ट मी बघतो ना, तिथे दुसऱ्या मजल्यावर एक आहेत. ओळखीचे आहेत.

काकू : मी आजारी नव्हते.

मुलगा : ते फक्त तुला आणि मला माहीत आहे.

काकू : दोघांना माहीत आहे, तेवढं बास झालं.

मुलगा : सगळे करतात गं.

काकू : एकतीस वर्षं मी दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढली. चादरीवर डाग राहिला, की काही जणी घडी अशी घालायच्या की डाग आत जायचा. वरून पांढरीफेक. मग कुणीतरी दुखणेकरी त्याच्यावर झोपायचं. मी तशी घडी कधी घातली नाही. आता या वयात शिकवू नकोस.

मुलगा : बरं, मग सोड ती पेन्शन. मी आहे ना? तुझ्या खोलीचं भाडं मी भरतो.

काकू : तू भरशील. तुझी बायकोही एका शब्दाने बोलणार नाही. ती गप्प राहील आणि मी तिचं गप्प राहणं ऐकत बसेन. नको रे बाबा. ही पेन्शन माझी आहे. चादरींना इस्त्री करायच्या त्या गरम रोलरवर हात पोळून घेतलेत त्यासाठी.

मुलगा : मग मावशीकडे जाऊ नकोस. तिकडे अशा आजाऱ्यांसाठी सरकारी सोय असेलच की. आपल्यापेक्षा चांगली असेल.

काकू : आहे. बघून आले मी. स्वच्छ आहे, खिडकीतून झाडं दिसतात. माणसंही चांगली आहेत.

मुलगा : मग?

काकू : झटका आल्यापासून ताईच्या तोंडातून तिकडची भाषाच गेली. पंचेचाळीस वर्षं तिकडे काढली, तिकडचे लोक तिच्याकडून अर्ज लिहून न्यायचे. आणि आता पाणी हवं असलं तरी आपल्या भाषेत मागते. तिकडच्या दवाखान्यातल्या नर्सला वाटलं, ही नुसती बरळतेय. तास दीड तास ती ‘पाणी, पाणी’ करत होती. मी पोचले तेव्हा ओठ चिकटले होते तिचे.

मुलगा : हे तू सांगितलं नव्हतंस.

काकू : फोनवर काय काय सांगू?

मुलगा : आणि मी म्हणत होतो, जाऊ नकोस.

काकू : असा बघू नकोस माझ्याकडे. जेवून घे.

मुलगा : उद्या माझी दुपारची पाळी आहे. सकाळी जाऊ शाळेत. कुठली शाळा, कालव्याजवळची?

काकू : तीच. आता दुसऱ्या शाळेत विलीन झालीये म्हणतात.

मुलगा : झाली तर झाली. कागद फेकत नाहीत कुणी. कुठेतरी कोंबून ठेवतात.

*

मुलगा : आई, तू बाहेर बस. इथे धूळ बघ केवढी आहे. शिपायाने जुन्या कागदांच्या या खोलीची तासाभरासाठी किल्ली दिलीये, मी काढतो शोधून.

काकू : सबंध दवाखान्याची घाण धुतली मी, आणि धुळीला घाबरू? हे साल नाही. त्याच्या खालचा गठ्ठा ओढ.

मुलगा : हा?

काकू : हळू, पान फाटेल. पहिली इयत्ता बघ. प्रवेश जूनमध्ये नव्हता, उशिराने झाला होता. मागची पानं बघ.

मुलगा : इथे निम्मं वाळवीने खाल्लंय… थांब. आई! हे बघ. तुझं नाव!

काकू : वाच. माझा चष्मा धुरकटलाय.

मुलगा : तुझं नाव, जन्मतारीख. ‘पालकाचे नाव’, तिथे मावशीचं. माहेरचं आडनाव. ‘नाते’, बहीण. ‘पालकाचे वय’, एकवीस. आणि पुढे सही. झालं! मिळालं की गं!

काकू : किती म्हणालास?

मुलगा : काय?

काकू : वय.

मुलगा : एकवीस.

काकू : एकोणीस होती ती.

मुलगा : लिहिणाऱ्याचं चुकलं असेल.

काकू : थांब, चष्मा पुसते… लिहिणारी तीच आहे. तो दोनाचा आकडा बघ, शेपटी कशी वर ओढलीये. अजून तशीच ओढते… ओढायची.

मुलगा : मग तिने दोन वर्षं का वाढवली?

काकू : हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले होते, एकविसाच्या खालचा पालक चालत नाही, मुलीला अनाथाश्रमात द्या. मला एवढंच आठवतंय, ताईने मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, पदराने तोंड पुसलं, स्वतःचं, आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, चल, झालं काम. मला इतकी वर्षं वाटत होतं, तिने त्यांच्या हातापाया पडून ते केलं.

मुलगा : एक आकडा लिहिला आणि तुला घरी घेऊन आली.

काकू : हं.

मुलगा : बघ, मी म्हणत होतो ना, सगळे करतात.

काकू : हसू नकोस रे. मला ती सही बघू दे नीट.

मुलगा : नाही हसत. ये, या खोक्यावर बस जरा. आणि ऐक, ही नक्कल काढायची, शिक्का घ्यायचा, द्यायची. तिचा जन्मदाखला कुणी मागणार नाही.

काकू : देईन. पण विचारलं तर खरं सांगणार.

मुलगा : आणि नाही विचारलं तर?

काकू : बघू.

मुलगा : तुझं ‘बघू’ म्हणजे सांगणारच.

*

कारकून : वा, काकू, चार दिवसांत आणलंत! शिक्का आहे, सही आहे. दवाखान्याचा दाखलाही आहे, भाषांतरासकट. हे तुमचे चिरंजीव का? बसा. मी साहेबांकडे नेते.

काकू : थांबा. त्या कागदात एक खोटं आहे.

मुलगा : आई!

काकू : ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने एकवीस लिहिलंय.

कारकून : का बरं?

काकू : एकोणीस लिहिलं असतं तर मला आश्रमात नेलं असतं.

मुलगा : मॅडम, तिला राहवत नाही. तुम्ही ते मनावर घेऊ नका.

काकू : घ्या मनावर. उद्या कुणी तपासलं तर तुमच्या नोकरीवर यायला नको.

कारकून : काकू, या अर्जात काय काय विचारलंय सांगू? पालकाचं नाव. सांभाळ केव्हापासून केव्हापर्यंत. नोंद कुठली. पालकाचं वय हा रकानाच नाही.

काकू : नाही?

कारकून : छापलेलाच नाही. तरी तुम्ही सांगितलंत, मी साहेबांच्याही कानावर घालते. सांभाळ तर खोटा नाही ना?

काकू : सांभाळ? माझं लग्न होईपर्यंत तिने स्वतःचं केलं नाही. चौतिसाव्या वर्षी केलं.

कारकून : मला तुमच्या अठराव्या वर्षापर्यंतचंच लिहिता येतं. पुढचं नियमाला लागत नाही.

काकू : मला लागतं. पण लिहा तुम्ही अठरा.

(कारकून कागद घेऊन साहेबांच्या खोलीत जाते. पाऊण तासाने परत येते.)

कारकून : बसा, बसा, उठू नका. साहेबांनी पालक म्हणून मान्य केलं.

मुलगा : म्हणजे सुरू?

कारकून : परत आल्या त्या दिवसापासून सुरू. सहा महिने थांबायला नको. पण मधला तो महिना आणि बारा दिवस गेले. जाण्याआधी कळवायला हवं होतं. मी दोनदा बोलून पाहिलं, साहेब ऐकेनात.

काकू : गेले तर गेले. मी कळवलं नव्हतं, तेवढं माझं चुकलं. आणि वयाचं काय म्हणाले?

कारकून : काही नाही म्हणाले. ताईंची ती सही नीट बघितली आणि खाली स्वतःची केली.

काकू : बरं. आता पुढे?

कारकून : निघाल्या दिवसापासून वर्षभर तिकडे राहू शकता. दर तीन महिन्यांनी तिथल्या डॉक्टरांचा दाखला पाठवायचा. विसरायचं नाही.

काकू : आणि वर्ष संपलं की?

कारकून : की थांबते. त्याच्यापुढे साहेबांच्याही हातात नाही.

काकू : मग आत्ताच सांगून ठेवते. वर्ष संपल्यावर ताई असली, तर मी तिथेच असेन. पेन्शन थांबो नाहीतर राहो. पत्र पाठवू नका, मी यायची नाही.

मुलगा : तेव्हा भाडं मी भरीन. आणि बायकोला सांगतो, रोज तुला फोन करून मोठमोठ्याने बोलायचं.

काकू : आगाऊ आहेस. तेव्हाचं तेव्हा बघू.

कारकून : हा कळवण्याचा अर्ज. आजच भरून टाकू, म्हणजे पुन्हा भानगड नको. मी लिहिते, तुम्ही सांगा. निघण्याची तारीख?

काकू : बारा.

कारकून : पत्ता दाखल्यावरून घेते. कारण, शुश्रूषा. नाते… पालक.

काकू : आणि बहीण.

कारकून : एकच लिहिता येतं, काकू.

काकू : मग पालकच लिही, पोरी.

कारकून : परतीची तारीख?

काकू : परतीची?

कारकून : काकू, परतीची तारीख.

काकू : ती तर मलाही ठाऊक नाही. राहू दे तसंच.

कारकून : हा रकाना मोकळा सोडता येत नाही. अंदाजे सांगा. वर्षाच्या आतली कुठलीही चालेल.

काकू : मग जितकी लांबची बसेल, तितकी लांबची लिही.