जात नाही

नाही हो, लिहून नका मागू. माझं शुद्धलेखन म्हणजे नुसता आनंद आहे, शाळा लवकर सुटली, ऱ्हस्व-दीर्घ हाताला येईल तसं पडतं — तोंडीच सांगतो, साध्या शब्दांत, चालेल ना? बोलणंही माझं धड नाही, माफ करा हं. इथे जिममध्ये मी कुणाशी बोलत नाही फारसा. तुम्ही आपणहून आलात, विचारलंत — पोट असं कसं केलंत, काय खाता — म्हणून. बसा ना. या बाकावर बसा.

तर पहिली गोष्ट, व्यायामानं पोट दिसत नाही. सगळे तिथेच फसतात, पाठीवर पडून मर मर मरतात. पोटाचे स्नायू सगळ्यांनाच असतात, तुम्हालाही आहेत आत्ता, चरबीखाली गपचूप बसलेत. चरबी उतरली की दिसतात, आणि चरबी उतरते ती ताटात. मग ताटात काय? अंडी — उकडलेली, पिवळं काढून. डाळ — उकडलेली, तेलाचा थेंब नाही. भाज्या कितीही. भात वाटीभर, तीही सपाट. साखर विसरा. हसताय? मीही हसलो होतो. मग सवय होते. भुकेचीसुद्धा सवय होते, खरं सांगतो, एकदा झाली की भूक घरच्या मांजरासारखी पायात घोटाळत राहते, आपण लक्ष देत नाही.

मी लाद्या बसवतो. न्हाणीघरं, स्वयंपाकघरं, लोकांचे जिने. उन्हाळ्यात बंद खोलीत कटर चालला की धूळ आणि उकाडा — सगळे शर्ट काढून काम करतात, मी एकटा घालून, भिजलेला, अंगाला चिकटलेला. का ते कळलंच असेल तुम्हाला. एकदा काढला होता, तर मिस्त्री म्हणाला, ‘लेका, लोकांच्या भिंतीवर सहा लाद्या ओळंब्यात बसवतोस, स्वतःच्या पोटावर कधी बसवणार?’ सगळे हसले. वाईट नाही हो तो, स्वतःच्या डब्यातलं काढून द्यायचा मला. पण लागलं. मला दुसरं काही नको होतं, पोरी नको, फोटो नको — चारचौघांत शर्ट काढून काम करायचं, आणि कुणी काही बोलायचं नाही. एवढंच. फार मोठं मागणं आहे का हे? नाही ना.

घरी आई आणि मी, दोघंच. आईला आवडलं नाही, कुठल्या आईला आवडेल? ‘वाढत्या अंगाचा तू’ म्हणे — आता मी काय वाढणार होतो, बाजूनंच वाढलो असतो. पण डाळ वेगळी उकडून द्यायची बिचारी. आणि मग तिनं स्वतःचं ताट कमी केलं. अर्धं खायची, अर्धं ठेवायची. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, ‘जात नाही.’ आता बघा, हे आपण सगळेच म्हणतो, हो की नाही? उकडलं की जात नाही, कंटाळा आला की जात नाही, चहा उशिरा घेतला की जेवण जात नाही. मला वाटलं, रुसली. मी खात नाही म्हणून हीही खात नाही — हट्ट. मीही तिचाच मुलगा, मी म्हटलं बघू कोण आधी हरतं ते. दोघं समोरासमोर बसायचो, दोघांची अर्धी अर्धी ताटं.

तेवढ्यात माझं वजन अडलं. अडलं म्हणजे ढिम्म. मी अजून कमी केलं, भात बंद केला, कामावरून चालत यायला लागलो — ढिम्म. शेवटी एकदा लवकर घरी आलो तर आई गॅसजवळ उभी, माझ्या डाळीत लोणी ढवळतेय. चमचाभर नाही हो, चांगला गोळा. एवढा भडकलो मी! म्हणजे ओरडलो नाही, मला ओरडता येत नाही, पण ती डाळ मोरीत ओतली. तिच्या देखत. ती म्हणाली, ‘माझ्या वाटणीचं आहे रे ते. मला जात नाही, तुझ्या तरी पोटात जाऊ दे.’ तिच्या वाटणीचं, म्हणाली. तेव्हा कान होते ना मला? होते. मला वाटलं, पुन्हा तेच नाटक.

मग उतरलं वजन, भराभर. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, ‘मायलेक काय छान बारीक झालात हो! काय खाता, आम्हालाही सांगा.’ अगदी तुम्ही विचारलंत तसंच. आणि मला — मला अभिमान वाटला. दोघांचा. मी वर येऊन आईला सांगितलंसुद्धा. ती हसली. तिच्या बोटातली अंगठी सैल झाली होती, तिनं दोरा गुंडाळला होता आतून. मी तो दोरा पाहिला होता, आणि म्हटलं, वा, हिचंही उतरतंय.

परवा तिला पाणी प्यायला दिलं तर पाणी परत आलं. पाणी हो. काल डॉक्टरकडे नेलं. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टर म्हणाले, कधीपासून गिळता येत नाही? आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हा जेवायचा थांबला, त्याच सुमाराला.’ मला वाचवायला म्हणाली की बोल लावायला, कळलं नाही. तिला झाकायला बरं पडलं असणार — एका घरात दोन अर्धी ताटं असली की कोण विचारतंय? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं तर अंगात काही शिल्लक हवं, ते उरलेलं नाही. नळीनं पातळ देऊ, म्हणाले, बघू. ‘बघू’ म्हणताना ते बाईंच्या, म्हणजे नर्सबाईंच्या हातातल्या कागदाकडे बघत होते, आमच्याकडे नाही. वजन कसं उतरवायचं ते मला विचारा, पाठ आहे. चढवायचं कसं ते मी आयुष्यात कधी शिकलो नाही.

मग आज सकाळी मी अंडी फोडली. पिवळ्यासकट. लोण्यात, मऊ, अगदी मऊ केली, आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ धरला, आणि पदरात — नको, ते जाऊ द्या. ताट तिनं माझ्याकडे सरकवलं. ‘तू खा, मी बघते.’ मी खाल्लं. ‘अजून घे.’ घेतलं. पाव घेतला, वर लोणी घेतलं, तिचं उरलेलं सगळं घेतलं. ती बघत होती. म्हणाली, ‘चव आहे का?’ म्हटलं, आहे. म्हणाली, ‘मग झालं तर.’ आणि खूश होऊन भिंतीला टेकून बसली, जशी काही तीच जेवली.

तुम्ही म्हणाल, मग इथे कशाला आलास. पोट भरलंय म्हणून आलो. इतकं खाल्लं की पुढे ते घाम गाळून कसं जिरवायचं, तेवढंच मला येतं.

नाही, काही नको. पाणी नको. तुम्ही करा सुरू तुमचं. अहो जा ना, असं बघत बसू नका माझ्याकडे.