तिसरं पाणी

चिमाजी: ...दोनदा पाणी मारलं, बकऱ्यानं अंग झाडलं नाही, ह्यात देवाचा काय संबंध आबा?

हैबती: हळू बोल. बिरोबाच्या दारात बसलोय आपुन. पुजारी अन् भावकी वढ्यावर भाकर खायाला गेलीत, पर कान हिकडंच आसत्याल त्यांचं.

चिमाजी: असू देत. शनिवारी माझी परीक्षा आहे. उद्या उजाडायच्या आत निघून नसरापूरला मोटर धरली तरच पुण्याला पोचतो. अन् बाप असून माझं जाणं तुमी ह्या बकऱ्यावर टाकलंय.

हैबती: म्या न्हाई, तुझ्या आईनं. वेल्ह्याच्या बाजारात कुनीतरी तिला सांगितलं, तुझा चिमा कालेजात मुडदं चिरतोय. तवापासनं तिच्या डोळ्याला डोळा न्हाई. मग तिनं देवाला बोलून घेतलं. तीनदा पानी मारायचं. बकऱ्यानं अंग झाडलं तर पोरगं जाऊ दे, न्हाई झाडलं तर हितंच ठेव.

चिमाजी: मुडदे पुढच्या वर्गात. आत्ता नुसते बेडूक.

हैबती: बेडकाचं काय करता?

चिमाजी: मेंदू काढून त्याला टांगतो, अन् पायाला तेजाबात बुडवलेला कागदाचा कपटा लावतो. बेडकाला काही कळत नसतं, तरी पाय झटकतो. मनाला न विचारता अंग आपलं काम करतं. मास्तरांनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बाकीची पोरं गप झाली, मला हसू आलं.

हैबती: हसाया काय झालं?

चिमाजी: हे बिरोबापुढचं बकरं आठवलं. कानात पाणी शिरलं की ते अंग झाडणारच. अन् आपण त्याला देवाचा हुकूम म्हणतो.

हैबती: हे कळाया पुण्याला जावं लागलं व्हय तुला? आरं, मेंढक्याच्या पोराला हे मिसरूड फुटायच्या आत ठावं आसतंय. तुझ्या बहिनीची सोयरीक पुजाऱ्याच्या मनात नव्हती, तवा बी असंच बकऱ्यावर पानी मारलं. म्या धार नेमकी कानावर धरली. बकऱ्यानं अशी झाडनी दिली की पुजाऱ्याचं धोतर भिजलं.

चिमाजी: मग आज काय झालं? दोन्ही वेळा धार तुमीच धरली. मी जवळच होतो. कानावरच पडत होती ती. दोन्ही वेळा कानावरच पडली, आबा.

हैबती: ऊन लई झालंय. सावलीला सरक.

चिमाजी: बकऱ्याला जरा धरा. कान बघतो त्याचा.

हैबती: हात लावू नगं. देवाचं हाय ते.

चिमाजी: नुसता बघतो.

हैबती: चिमा, सोड म्हनलं ना.

(चिमाजी बकऱ्याच्या कानात बोट घालून काहीतरी ओढून काढतो.)

चिमाजी: लोकर. तेलात भिजवलेली. अन् काळी, तुमच्या घोंगड्याची. दुसऱ्या कानात बी हाय?

हैबती: हाय.

चिमाजी: मला वाटलं, आई आडवी आली. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही मी. अन् ही लोकर तुमी घातली? खांद्यावर बसवून भोरच्या शाळेत नेलंत तुमी मला. मला तुमचा राग आलाय आबा. लई राग आलाय.

हैबती: येऊ दे.

चिमाजी: जाऊ नगं म्हनून तोंडानं सांगायचं होतं.

हैबती: तोंडानं सांगितलं आसतं तर तू का म्हनून इचारलं आसतंस. देवाला कुनी इचारत न्हाई.

चिमाजी: आता मी तुमाला इचारतो. का?

हैबती: तुझा थोरला भाऊ आसता तर म्या तुला आडीवला नसता.

चिमाजी: सोनबादादाला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा दहावा झाल्यावर तुमीच मला कालेजात धाडलंत. मग आत्ताच काय झालं?

हैबती: समोरच्या माळावर आपली मेंढरं चरत्यात. किती हायेत, सांग.

चिमाजी: समोर एक बी मेंढरू न्हाई आबा. मागं वढ्याच्या कडंला हायेत सगळी.

हैबती: वाऱ्यानं आवाज फिरला आसंल. म्हनून मला समोर वाटली.

चिमाजी: कधीपासनं दिसत न्हाई?

हैबती: दिवाळीपासनं. उजेड कळतो, मानूस कळत न्हाई. मेंढरं पाठीवर हात फिरवून मोजतो. तुझ्या आईला वाटतं, म्हातारा मेंढरांचं लाड करतोय. परवा कड्यावरच्या वाटंला एक पाय खाली गेला. करवंदीची जाळी हाताला लागली म्हनून ऱ्हायलो.

चिमाजी: मोतीबिंदू आसंल. तो काढता येतो. मीच नेतो तुमाला पुण्याला. उन्हाकडं तोंड करा. आता डोळं हातानं झाका. काढा हात. परत झाका. काढा.

हैबती: काय दिसतंय?

चिमाजी: आनखी एकदा.

हैबती: आरं, सांग की काय दिसतंय ते.

चिमाजी: ऊन पडलं की डोळ्याची बाहुली बारीक व्हायला पायजे. ती बी मनाला इचारत न्हाई, बेडकाच्या पायावानीच. तुमची डावी हलतच न्हाई. उजवी जराशी हलती.

हैबती: मोती काढल्यावर हलंल की.

चिमाजी: मोती न्हाई आबा. तो आसता तर बाहुली पांढुरकी दिसली आसती. तुमची काळीभोर हाय. डोळ्यामागची शीर वाळलीय.

हैबती: त्याला औषद?

चिमाजी: माझ्या पुस्तकात न्हाई.

हैबती: पुढल्या वर्गाच्या पुस्तकात आसंल.

चिमाजी: आसंल.

हैबती: मग जा तू. ते पुस्तक वाच. माझी चूक झाली, लेका. भ्यालो म्या. दुसऱ्या कानातली लोकर बी काढून टाक. म्या नीट धार धरतो, अन् देव हुकूम देतोय का न्हाई ते बघू.

चिमाजी: अन् उद्या मेंढरं घेऊन कड्यावर कोन जायचं?

हैबती: ते माझं म्या बघतो. काढ लोकर. तुझी आई आली बघ, तिच्या पायाचा आवाज हाय.

पारूबाई: चिमा, तांब्या भरून आनलाय. समदी यायला लागलीत. आन् आयिक, म्या वढ्यावर लई इचार केला. तुझं तोंड बघवंना मला. आत्ताच हात जोडून आले, देवा, झाडू दे त्याला अंग, जाऊ दे माझ्या पोराला.

चिमाजी: आये, तू माझ्यावर रागावू नगं. दोन दिस मी तुला वाईट बोललो.

पारूबाई: आईला कसला राग? बोटाला तेल कसलं रं तुझ्या?

चिमाजी: बकऱ्याचं कान पुसलं.

हैबती: चिमा, झालं न्हवं सांगितलेलं?

चिमाजी: झालं आबा. कान मी धरतो. तुमी धार धरा.

पारूबाई: धरा, धरा. बिरोबा, बघ रं बाबा. झाड, लेकरा, झाड अंग. आता झाडंल बघा. आनखी वाईच वता. ...न्हाई. न्हाईच झाडलं की वं. तांब्या संपला.

हैबती: तिसऱ्यांदा बी न्हाई?

पारूबाई: देवाच्याच मनात न्हाई, त्याला म्या काय करू? पुजाऱ्याला सांगून येते.

हैबती: गेली का ती? हिकडं सरक, चिमा. परत घातलीस लोकर?

चिमाजी: देवाला कुनी इचारत न्हाई, आबा.