लावावाच लागत नाही म्हणे!

...आणि वर तो दुकानदार दात काढून मलाच सांगतो, "काका, हा डिजिटल पियानो! हा कधी लावावाच लागत नाही!" अरे, कुणाला सांगतोस? सदतीस वर्षं लोकांचे पियानो लावून पोट भरलंय मी! शाळेतले, हॉटेलातले, ज्यांच्यावर नुसत्या फोटोफ्रेमा ठेवतात तेसुद्धा... एकेक तार किल्लीनं पिळून सुरात आणली, आणि हा म्हणतो, लावावाच लागत नाही!

बरं, मग घेतला कशाला? तर घरचा जुना वाळवीनं खाल्ला. तो मी कधीच लावला नव्हता. हसू नका! दिवसभर परक्या तारा पिळून आल्यावर घरी कोण किल्ली हातात घेतो? तुम्हाला सांगतो, तो बिचारा दरवर्षी थोडा थोडा खालच्या सुरात उतरत गेला, आणि त्याच्याबरोबर आमच्या हिचा गळाही. रोज सकाळी ही त्याच्यावर एक गाणं म्हणायची. त्याशिवाय आमच्या घरात दिवस सुरूच व्हायचा नाही.

नवा आला, अगदी काटेकोर सुरातला. ही गायला बसली आणि वरच्या सुराला आवाज फाटला! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी झाकण बंद. "माझा गळा गेला हो. वय झालं." आणि मी काय म्हणालो? "पियानो तर बरोबर आहे." माझी जीभ कशी झडली नाही! तीन आठवडे घरात गाणं नाही. मग एकदा भांडी विसळताना ही तेच गाणं गुणगुणली, आणि वरचा सूर सहज लागला की! गळा कुठे गेलाय? पियानोच वर गेलाय!

बसलो त्या डबड्यापुढे. तार नाही, किल्ली घालायला जागा नाही, नुसती बटणं! एक दाबलं, ढोल बडवायला लागला. दुसरं दाबलं, पियानोतून व्हायोलिन! तिसऱ्याला विहिरीत पडल्यासारखा घुमायला लागला. शेवटी कंपनीला फोन. गोड आवाजात पोरगी विचारते, "सर, सूर बिघडलाय का?" "नाही गं बाई, बिघडत नाहीये! मला बिघडवायचाय!" "सर... अशी तक्रार आमच्या यादीत नाही." असेल कशी? लावावाच लागत नाही म्हणे!

अखेर तिनंच सांगितलं, दोन बटणं एकदम धरा आणि तिसऱ्यानं उतरवा. हिला शेजारी बसवलं. ही गुणगुणतेय, मी दाबतोय. "अजून खाली." "अजून." माझे कान ओरडतायत, जन्मभर ज्याला शिव्या घातल्या ते पाप स्वतःच्या बोटानं करतोय! अकराव्यांदा दाबलं आणि ही गायला लागली. वरचा सूर आला. अख्खा आला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

गाणं संपल्यावर म्हणते कशी, "बघा, आता कसा सुरात लागला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरचा पियानो लावलात!"

सदतीस वर्षांतली पहिली शाबासकी, तीही पियानो बेसूर केल्याबद्दल! बरं, तेवढ्यावर सुटलो म्हणता? ते डबडं बंद केलं की सगळं विसरतं हो! दुसऱ्या दिवशी पुन्हा मेलं बरोबर! आता रोज सकाळी चहाच्या आधी हाक येते, "अहो, लावताय ना?" आणि मी मुकाट्यानं जाऊन अकरा वेळा बटण दाबतो... लावावाच लागत नाही म्हणे!