शेडातला ढाळ

नाही साहेब, गवत बघून नाही कळलं मला — बुटाच्या टोकाला कळलं. मैदानाचं गवत कापून झालं, ट्रॅक्टर बंद केला, बाटली पलीकडच्या गोलपोस्टपाशी राहिली होती म्हणून आडवी चालत निघाले, तर कापलेल्या दर पट्ट्याला बूट अडतोय. अगदी बारीक, पायरीसारखं. वाटलं, भास होतोय — मला होतात भास, मी काही लपवत नाही — म्हणून परत आले, परत गेले. पायरी होतीच. प्रत्येक पट्टा एका अंगाला उंच, दुसऱ्या अंगाला खरवडलेला. मग त्या खरवडलेल्या रेघा पिवळ्या पडल्या, माती दिसायला लागली, आणि तुम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं — पोरीला ट्रॅक्टर झेपत नाही. वळणावर घाबरते. आता सामने तोंडावर आले म्हणून सेक्रेटरीसाहेब स्वतः किल्ली मागायला आलेत.

किल्ली नाही मिळणार. उद्धटपणा नाही हा — पात्यापाशी हात घालायचा तर किल्ली काढून स्वतःच्याच खिशात ठेवायची असते, आणि माझा हात आत्ता आत आहे. बसा ना, त्या कठड्यावर बसा. घाबरट आहे मी, हो. मागून कुणी शिंकलं तरी दचकते. कॉलेजात तोंडी परीक्षेला परीक्षकांच्या हातून डस्टर पडलं तर मी उठून दारापर्यंत गेले होते — हसा, हसा, सगळे हसतात. पण ट्रॅक्टरवर बसल्यावर नाही. तिथे आवाज माझाच असतो, मग दचकायचं कशाला?

एक मिनिट, फोन लावते. मामांना. उचलतील — बघा, कट झाला. लावते परत, थोड्या वेळाने.

तर हा डेक. ट्रॅक्टरच्या पोटाखाली लोंबतो तो चपटा डबा, ज्यात पाती फिरतात. तो दोन्ही बाजूंना जमिनीपासून सारखा उंच हवा, आणि पुढून मागच्यापेक्षा जरासा, अगदी जरासा खाली. मी आधी चाकांतली हवा बघितली, दोन्हीकडे सारखी. ट्रॅक्टर इथे बास्केटबॉलच्या कोर्टावर आणला, कारण ही फरशी सपाट आहे — पाणी ओतून बघितलं, जागचं हललं नाही. आता पातं आडवं केलंय. धरा टेप. डावं टोक... आणि हे उजवं. बघितलंत? बोटभर खाली. माझं स्टिअरिंग डेकची एक बाजू खाली ओढतं का हो? मी काय खाली उतरून त्याला लोंबकळते?

मग का झालं, तर शेडामुळे. काल शेडात बसून मी डेक वर-खाली करायचे नटच चाचपत होते, कुणीतरी पत्र्याचं दार धाडकन आपटलं, मी उडालेच, हातातला नट पडला आणि घरंगळत सरळ डाव्या नालीत. दुसरा मुद्दाम सोडला — तोही नालीत! शेडाच्या जमिनीला ढाळ आहे साहेब, पाणी जायला ठेवलेला. तिथे ट्रॅक्टर उभा केला की ट्रॅक्टर डावीकडे कलतो, आणि डेकवर कुणी पाणसळ ठेवून, गवंडी ठेवतात ती बुडबुड्याची, डेक अगदी सरळ करून ठेवला तर? डेक सरळ, ट्रॅक्टर तिरका. बाहेर सपाटीवर आला की ट्रॅक्टर सरळ आणि डेक तिरका. पाणसळीला काय, ती खरंच बोलते, पण डेक चाकांशी जमायला हवा, आभाळाशी नाही.

कुणी म्हणजे? तुम्हाला माहीत आहे कुणी. हो, मामांनी. सख्खे मामा, इथली यंत्रं तेच बघतात, त्यांनीच मला इथे लावलं, सगळं खरं. पण म्हणून त्यांची चूक मी माझ्या नावावर नाही घेणार. आई काल म्हणाली, घे, तू लहान आहेस, तुला दुसरीकडे मिळेल काम. नाही घेणार! मी चांगला चालवते ट्रॅक्टर. हे एक काम मला चांगलं येतं.

परत कट. टाळत नाहीयेत ते. साहेब, माझ्याकडे असं बघू नका, मामा आयुष्यात कुणाला टाळणारे नाहीत, त्यांना फक्त हिरवं बटण कुठलं नि लाल कुठलं हे —

घाईत असतात. घाईत चुकीचं दाबलं जातं.

पाणसळ का म्हणजे? टेप आहे की शेडात. आहे. पण टेपवरचे आकडे केवढेसे, आणि बुडबुडा कसा मोठा, पिवळाधमक... उजेड कमी असतो शेडात. चष्म्याचा नंबर बदलायचाय त्यांचा, एवढंच. नाही, मैदानावरचा रोलर ते नाही, मी फिरवते हल्ली. हल्ली म्हणजे — हे बघा, तुम्ही एकेक विचारून मला बोलायला लावताय, हे काही बरोबर नाही.

बरं. ऐकलंत ना? मग पुढचंही ऐका. नट त्यांच्या हाताला जसा कळतो तसा मला जन्मात कळणार नाही. पाना त्यांनी फिरवायचा, टेप मी वाचायची. गेले कित्येक महिने बाकीचं सगळं आम्ही असंच करतोय, आणि तुमच्या मैदानावरचं गवताचं एक पातं कधी बिघडलं नाही. ही एकच गोष्ट त्यांनी मला न विचारता केली, कारण मी आजारी होते आणि त्यांना कुणाकडे मागायची लाज वाटली. काढायचं तर दोघांना काढा. आणि मग सामन्यांच्या आधी शोधा दुसरं कुणीतरी, जाताना मी ढाळ कुठून कुठे आहे तेसुद्धा सांगणार नाही. सांगितला म्हणा आत्ताच. तरीही!

थांबा. तुम्ही नका लावू तुमच्या फोनवरून. माझ्याच वाजतोय, वाजतोय अजून, कट नाही झाला —

मामा? मी बोलतेय. नाही, मला काही लागलं नाही. डेकही ठीक होईल. मामा, सेक्रेटरीसाहेब समोर बसलेत. मी त्यांना तुमच्या डोळ्यांचं सांगून बसले.