दात मोजून लावलेली सायकल शर्यत

इंग्रजांच्या राज्यात आमी बारामती ते इंदापूर सायकल शर्यत लावली होती, गाडीवाटेनं, अन् गट पाडले होते दात मोजून. हसू नका, खरं सांगतोय.

पंच होते तात्या, जन्मभर बैलगाड्यांच्या शर्यती लावलेला माणूस. बैलाचं वय दातांवर ठरतं, कमी दाताचा तो कोवळा. तात्यांनी आमालाही तोंड उघडायला लावलं.

मी म्हणालो, "तात्या, माणसं हाय आमी."

"न्याव सगळ्यांना एकच. एका दाताला एक बिडी ओढून संपेस्तोवरचा वेळ. जितके दात कमी, तितक्या बिड्या आधी सोडणार."

माझे बत्तीस भरले, मी सगळ्यात मागं. तेवढ्यात जळोचीचे धोंडीआबा सायकल ढकलत आले. साठी उलटलेली. तोंड उघडलं, तर आत एकबी दात न्हाय.

तात्यांनी बोट घालून हिरड्या चाचपल्या. मग म्हणाले, "सोडा आबांना," आणि पहिली बिडी पेटवली.

बत्तीस बिड्या संपल्यावर मी सुटलो. नांगरट, ओढा, बाभळीचे काटे, ऊर फुटेस्तोवर पायडल मारलं. इंदापूरच्या वेशीत आबा बक्षिसाचा फेटा बांधून चहा पीत बसलेले.

"आबा, हे काय बरं न्हाय," मी धापा टाकत म्हणालो.

आबा बोळकं पसरून हसले. "बाळा, बत्तीस दात पाडायला साठ वर्षं लागली मला. ती मेहनत कुणी मोजायची?"