भावोजींनी नवी सिस्टीम टाकली

आमच्या धाकट्या भावोजींची हुशारी सांगते, ऐका. लालबागच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते नवी सिस्टीम टाकायला बसले. त्यात सासूबाईंच्या आवाजातली हरतालिकेची कहाणी होती. सासूबाई गेल्या, आता तेवढाच आवाज उरलेला. मी म्हटलं, "भावोजी, आधी पेन ड्राइव्हवर कॉपी घ्या ना."

"वहिनी, तुम्ही तुमची व्रतं सांभाळा. हे आमच्यावर सोडा!"

तासाभरात कॉम्प्युटर नवा कोरा झाला, कहाणीसकट सगळं पुसून. भावोजींनी कपाळावरचा घाम टिपत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अहो वहिनी, आज अमावास्या! आधी सांगायचं नाही का?"

मी म्हटलं, "भावोजी, अमावास्येला मी बरंच काही टाळते. पण कॉपी घ्यायला तिने अजून कुणालाही अडवलेलं नाही."