व्याह्याची पुडी

—नाही ना कंपौंडर भाऊ, आणखी काहीच देत नाही मी, दोनदा काहून विचारता? पेपरावर नाव वाचलं ना तुम्ही — मी कसं घेऊ नवऱ्याचं नाव? — रगताचा जोर कमी करायच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, चार महिने झाले, एक दिवस चुकली नाही मी. डोकं ठणकणं थांबलं, चक्कर थांबली, गोळीले नाव ठेवायले नाही आली मी. पण माणूस कुठं गेला, हे सांगा मले! होळीले हा बुढा लेंगीची गाणी म्हणे, तं दुसऱ्या तांड्याचे लोक ऐकायले येत. आता नाक चोंदलेलं, डोळे अर्धे मिटलेले, भिताडाले टेकून बसून राह्यते. नातू मांडीवर ठेवला तं हात लावत नाही. दोनदा विहिरीवर गेलता — पहिल्यांदा म्हटलं, पाणी प्यायले गेला असंल. दुसऱ्यांदा जोडे काढून काठावर ठेवलेले. आज बाजेले बांधून आली मी त्याले. हो, मीच बांधलं, असे पाहू नका! शेजारच्या चंदाबाईले बसवलं जवळ.

मंग, गोळीनं होते असं? होते म्हणता? — पण एवढ्याशा गोळीनं एवढं नाही होत? … तुमच्यासमोर खोटं निंगत नाही भाऊ. देतो मी. पुडीबी देतो. धरमसिंगची. वैदू आहे, आमचा व्याही, माही जमनी त्याच्याच घरात दिली. तो झरीच्या जंगलातून मुळी आणते, कुटते, पोरीच्या हातानं पाठवते — नाही कसं म्हणू? तिकडं गोळीचं बोलली नाही, इथं पुडीचं बोलली नाही, दोघंही राजी राहावे म्हून. मले वाटलं, दोन दवाया म्हंजे माणूस लवकर उभा राहीन. बुढा जास्त खचला, तशी मी चिमूट वाढवली. ही पहा, ओढणीच्या गाठीतच आहे.

काय झालं? जिभेले लावून पाहता? कडू आहे, हो — सर्पगंधा? … तुमची गोळीबी त्याच मुळीची? … म्हंजे दोन दवाया नव्हत्याच. एकच, दुप्पट, अन् वरून माही चिमूट. मीच पाजली भाऊ. प्या, प्या म्हणून पाजली.

नाही, डॉक्टरसाहेबाले हाक मारू नका! मागच्या साली त्यानं एका वैदूले ठाण्यात बसवलं, साऱ्या बाजारानं पाह्यलं. धरमसिंगवर तशी पाळी आली, तं जमनी दुसऱ्या दिवशी माह्या दारात, कडेवर लेकरू घेऊन — ठेवते काय व्याही तिले घरात मंग? पुडी मी फेकतो, आत्ता फेकतो. या गोळ्याबी घ्या वापस. … एवढ्यानं नाही होत? इतका खचलेला माणूस डॉक्टरले दाखवाच लागते? दाखवलं तं तो विचारीन, अन् बुढा भोळा, पहिल्याच सवालाले व्याह्याचं नाव सांगीन.

एकीकडं पोर, एकीकडं बुढा — तुम्ही काय केलं असतं? … नका सांगू. तुम्ही पुरुष, तुमची पोर कोणाच्या घरी दिली नाही अजून. पेपरावर काही लिहू नका. ही रामीबाई आज आलीच नाही, म्हणा. सरका, दार सोडा.